टेक्सास होमस्टेड एक्झम्प्शन : लायसन्सवर जुना पत्ता, अर्ज परत आलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसजवळ राहतो, गेल्या ऑगस्टमध्ये पहिलं घर घेतलं. होमस्टेडचा, म्हणजे राहत्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्समधल्या सवलतीचा, ५०-११४ फॉर्म जानेवारीतच भरून अप्रेजल डिस्ट्रिक्टला (टॅक्ससाठी घराची किंमत ठरवणारं ऑफिस) पाठवला होता, तो काल परत आला. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता या घराचा हवा, माझ्या लायसन्सवर अजून जुन्या अपार्टमेंटचाच आहे ना, झेरॉक्सवर त्याच्याभोवती लाल पेनाने गोल करून पाठवलाय. एच-वन व्हिसाच्या (नोकरीचा व्हिसा) एक्स्टेन्शनच्या गडबडीत लायसन्स बदलायचं राहूनच गेलं आणि मुदत ३० एप्रिलची. शाळेच्या टॅक्ससाठी घराच्या किमतीतून १,४०,००० डॉलर वजा होतात, ते हातचं जाईल म्हणून जीव खालीवर होतोय.

त्यात परवा एक पत्र आलं, खिडकीचं पिवळं पाकीट, वर सरकारी वाटेल असा शिक्का, आत लिहिलंय ९५ डॉलर भरून होमस्टेड रजिस्टर करा म्हणजे घर सुरक्षित राहील. गेल्या वर्षी नवऱ्याचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटलचं बिल अजून फेडतोय, वसुलीवाल्यांचे फोन येतात, त्यामुळे ते वाचून पोटात गोळाच आला. हे वसुलीवाले आमचं घर घेऊ शकतात का? आणि व्हिसावर असताना हे सगळं आपल्याला लागू होतं का?

उत्तर १
ताई, ते ९५ डॉलर अजिबात भरू नका! अर्ज फुकट असतो. मला एच-वनवर असतानाच मिळालंय, नागरिकत्व लागत नाही. आधी लायसन्सचा पत्ता बदला, मग तोच अर्ज परत पाठवा, ३० एप्रिल हुकली तरी उशिरा अर्ज करायला साधारण दोन वर्षं मिळतात आणि जादा भरलेला टॅक्स परत येतो. पण लांबवू नका, टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये ही मर्यादा एक्झम्प्शन मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते.

आणि घर जाण्याचं म्हणाल तर टॅक्सची सूट वेगळी, वसुलीपासून घराचं संरक्षण वेगळं. ते टेक्सासच्या घटनेतच आहे, तुम्ही तिथे स्वतःचं घर म्हणून राहता यानेच मिळतं, टॅक्सचा फॉर्म अडकला म्हणून जात नाही. हॉस्पिटलच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या बिलापायी राहतं घर विकायला लावता येत नाही. मॉर्गेज, प्रॉपर्टी टॅक्स आणि एचओए (घरमालकांच्या सोसायटीची वर्गणी) मात्र थकवू नका, तिथे हे संरक्षण चालत नाही.

धागाकर्ती
खूप खूप आभार दादा, नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं. डीपीएसची (लायसन्स देणारं खातं) मंगळवारी सकाळची अपॉइंटमेंट मिळालीये, पत्त्याच्या पुराव्याला वीजबिल आणि मॉर्गेजचं स्टेटमेंट घेऊन जाते, अजून काही लागत असेल तर सांगा.