नाताळच्या सुट्टीत नातवंडांना कुठे न्यावे?

गंगापूर रोडच्या आजी:
नमस्कार. मुलगा आणि सून दोघांनाही रजा मिळत नसल्यामुळे नाताळच्या सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या नातवंडांना, म्हणजे नऊ वर्षांचा नातू आणि पाच वर्षांची नात यांना, एका रात्रीच्या मुक्कामासाठी आम्ही दोघांनीच कुठेतरी न्यावे असा विचार आहे. यजमानांच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसत नाहीत आणि अंधार पडल्यावर ते गाडी चालवत नाहीत. सापुतारा मनात आहे, परंतु गर्दीची धास्ती वाटते. मुले रमतील आणि आम्हालाही झेपेल असे ठिकाण कोणी सुचवाल का?

निफाडकर:
काकू, नाताळ ते १ जानेवारी या काळात सापुताऱ्याला गुजरात आणि महाराष्ट्र अशा दोन्हीकडची माणसे लोटतात, त्यामुळे तो बेत पुढे ढकलावा. त्याऐवजी नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवर असलेल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी आणि बेटे तयार झाली आहेत, आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येथे उतरतात ते याच उथळ पाण्यातील खाद्यासाठी. याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. असा दर्जा मिळालेले हे महाराष्ट्रातील पहिलेच ठिकाण. वाट बहुतांशी सपाट आहे. पाच वर्षांच्या मुलीला दुर्बीण डोळ्यांशी स्थिर धरता येत नाही, म्हणून तिला आधी जांभळी पाणकोंबडी दाखवा: लाल चोच, निळे-जांभळे अंग आणि पाणवनस्पतींवर लांब बोटे पसरून टाकलेली पावले काठावरूनही दिसतात. निरीक्षण मनोऱ्यावर मात्र आजोबांनी चढू नये. पक्षी सकाळी लवकर उत्तम दिसतात, हे खरे. परंतु निफाडचा पारा थंडीत कित्येकदा एक आकडी होतो, तेव्हा लहानग्यांना घेऊन ऊन पडल्यावरच निघणे शहाणपणाचे.

सिन्नरची मावशी:
निफाडकरांचे म्हणणे मान्य, पण दोन्ही दिवस पक्षीच पाहायचे म्हटले तर धाकटी कंटाळेल. परतताना सिन्नरला या. येथील गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक मांडलेले आहेत. बाहेरून ओबडधोबड दिसणाऱ्या दगडाच्या पोटात हिरवे, पांढरे, गुलाबी झुपके पाहून मुले प्रश्नांची सरबत्ती करतात. गोंदेश्वराचे मंदिरही आवारासह पाहण्यासारखे आहे, आणि आजोबा बाहेर उन्हात बसूनही ते निवांत पाहू शकतील.

पंचवटीचे काका:
वहिनी, वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून चढणारी गाडी, असल्यामुळे गुडघ्यांची अडचण बरीचशी टळते, पण सुट्टीत रांगेत उभे राहावे लागते आणि तेथेच मुले किरकिर करतात. माझे मत सिन्नरच्या बाजूने. मुक्कामाची खोली आधीच राखून ठेवा, मुलांच्या आधार कार्डाच्या प्रती सोबत घ्या आणि त्यांच्या आईकडून तापाच्या औषधाचे प्रमाण कागदावर लिहून घ्या. वाटेत एखाद्या मळ्यावर हुरडा मिळाला तर सोडू नका, मात्र मुलांना तो बेताने द्या.

गंगापूर रोडच्या आजी:
सर्वांचे आभार. पहिल्या दिवशी नांदूरमध्यमेश्वर, तेथेच जवळपास मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सिन्नरमार्गे दिवसाउजेडी घरी, असे यजमानांनीही मान्य केले आहे. निफाडकर, दुर्बीण तेथे भाड्याने मिळते का, की येथूनच कोणाची तरी मागून न्यावी?

निफाडकर:
मागूनच न्या, काकू. सुट्टीत तेथे मिळेलच या भरवशावर राहू नका.