डेंग्यूची प्रत्येक केस कळवणं खाजगी लॅब-दवाखान्यांना सक्तीचं करा, नाही कळवली तर दंड घ्या. सोलापूरकरांनो, मत सांगा

लॅबवाली_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी इथल्या एका खाजगी लॅबमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. रक्त काढते, टेस्ट लावते, रिपोर्ट टाइप करते. आज जरा मोठं लिहिणारे, बरेच दिवस मनात साचलंय.

मागच्या एका पावसाळ्यात पूर्व भागातल्या एकाच बोळातनं आमच्याकडं नऊ दिवसांत सहा पोरं तापाची आली. सहाच्या सहा डेंग्यूच्या एनएस-वन टेस्टला पॉझिटिव्ह. रजिस्टरमध्ये पत्ता लिहिताना माझा हात थांबला, कारण तेच बोळाचं नाव मी परत परत लिहीत होते. मालकांना सांगितलं तर म्हणाले, आपलं काम रिपोर्ट द्यायचं, पुढचं डॉक्टर बघतील. डॉक्टरांना वाटलं लॅबनं कळवलं असेल. कळवलं कुणीच नाही. धुराची गाडी त्या बोळात शिरली ती सातवं पोर आयसीयूत गेल्यावर, तीसुद्धा कुणाच्या तरी ओळखीनं फोन लावला म्हणून. पोरगं वाचलं पण बिलापायी आईचं मंगळसूत्र गहाण पडलं. मला त्या आठवड्यात झोप नव्हती, कारण ते सगळं माझ्याच अक्षरात माझ्यासमोर लिहिलेलं होतं.

आता यंत्रणा नाही असं नाही. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. एस फॉर्म आरोग्यसेविकेनं भरायचा, पी डॉक्टरनं, एल लॅबनं. एप्रिल २०२१ पासून कागद जाऊन पोर्टल आलं, आठवड्याच्या जागी रोजची नोंद आली. पण ताप आला की आपल्यातले बरेचसे लोक आधी गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडंच जातात आणि तिथला ताप तिथंच राहतो. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आम्ही नऊ दिवस गप्प बसलो तेवढ्यात त्याच बोळात नवीन डास तयार.

आणि कळवल्यानं काय होतं तेही बघितलंय आपण. जानेवारी २०२५ ला पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन-बारीचे पेशंट वाढले, एरवी क्वचित दिसणारा आजार एकदम इतक्या जणांना कसा म्हणून डॉक्टरांनी कळवलं, मग घरोघर सर्व्हे, विहिरीचं आणि टँकरचं पाणी तपासणं, सगळं हललं. पुढं आकडा दोनशेच्या वर गेला, पण निदान कुठं बघायचं ते तरी कळलं. त्यातला पहिला संशयित मृत्यू तर आपल्या सोलापुरात झाला होता, विसरलात का?

माझं म्हणणं सरळ आहे, सक्ती करा आणि दंड घ्या. नोंद नाही तर पालिकेच्या लेखी तो ताप झालेलाच नाही.

मागवाला_सत्तरफूट
ताई तळमळ कळती तुमची, पण मी विरोधात हाय. कारण सांगतो.

२०२० ला करोनात काय झालं ते आम्ही भोगलंय. एक पेशंट सापडला की अख्ख्या गल्लीला पत्रे. माग बंद, आठवड्याचा पगार बंद, किराणावाला उधार देईना, आणि पत्र्याच्या पलीकडचे लोक आमच्याकडं असं बघायचे की जसा काय आम्हीच आजार पैदा केला. आमच्या कारखान्यातला एक कामगार, त्याला ताप आला तर बायकोला पण सांगितलं नाही त्यानं, चार दिवस गोळ्या खाऊन रात्रपाळी केली, का तर नाव गेलं तर पत्रे येतील. अशी नोंद असती होय? जितकी सक्ती तितकी लपवालपवी.

दुसरं म्हणजे नोंद करून पालिकेला नवीन काय कळणार? नळ चार दिवसाआड येतो हे माहीत नाही का त्यांना? उजनी धरण भरतं, नदीला पाणी सोडलं म्हणून पेपरात फोटो येतेत आणि आमच्याकडं बाया रात्री दोनला उठून टिपाडं भरतेत. साठवलं की डास होणारच. रोज पाणी द्या, डेंग्यू आपोआप निम्म्यावर येईल, फॉर्म भरायची गरजच पडणार नाही. आधी पाणी मग नोंद.

जनरल_प्रॅक्टिस
बावीस वर्षं दवाखाना चालवतोय, लॅबवाल्या ताईंनी ज्या डॉक्टरांबद्दल लिहिलंय त्यातलाच मी एक धरा. नाही कळवत मी सगळ्या केसेस. मनापासून लिहितो का ते.

सकाळ-संध्याकाळ मिळून ऐंशी-नव्वद पेशंट आणि कंपाउंडर एक. पोर्टलवर एका पेशंटची सगळी माहिती भरायला बसलो की बाहेर आजी ओरडतात. तरी भरलं समजा, पुढं काय? उलटा फोन नाही की तुमच्या केसमुळं अमुक गल्लीत इतक्या घरात अळ्या सापडल्या. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये तसं.

पोलिओच्या काळात असं नव्हतं. पंधरा वर्षांखालचं कुठलंही पोर अचानक लुळं पडलं की कळवायचं, मग पोलिओ वाटो न वाटो. कळवलं की माणूस यायचा, चौदा दिवसांच्या आत चोवीस तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने घ्यायचा. आणि केस नसली तरी दर आठवड्याला विचारणा व्हायची, डॉक्टर काही आहे का, नाही म्हटलं तर शून्य लिहून न्यायचा. शून्याचीसुद्धा नोंद! १३ जानेवारी २०११ ची हावड्याची केस शेवटची ठरली ती हे असं चिकाटीनं केलं म्हणून. मला दंडाची भीती घालण्यापेक्षा दर सोमवारी एक माणूस पाठवा, उभ्या उभ्या सांगेन.

टीबीचं पण बघा. कळवणं सक्तीचं झालं २०१२ ला. मी कळवत होतो का? कधीमधी. २०१८ ला कारवाईची कलमं आली आणि त्याच वर्षी पेशंटला खाण्यासाठी महिना ५०० सुरू झाले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० आहेत. मग पेशंटच विचारायला लागले, साहेब माझं नाव टाकलं का. तेव्हापासून माझी एकही टीबीची केस सुटली नाही.

लॅबवाली_सोलापूर
डॉक्टर, खरं लिहिलंत त्याबद्दल आभार. पण शून्य लिहून न्यायला माणूस यायचा म्हणता, तो येईपर्यंत माझ्या बोळातली पोरं थांबतील का?

मागवाले दादा, आधी पाणी मग नोंद म्हणता, पण पाणी मागायला गेलात की पालिका विचारणार, डेंग्यू किती? आणि कागदावर आकडा निघतो एवढासा. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही, आमच्याकडची ती कार्डावरची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी सरकारी हिशोबात ती फक्त संशयित, पक्की धरतात ती एलायझा, म्हणजे लॅबमध्ये प्लेटवर लावायची टेस्ट. पहिल्या पाच दिवसांत त्यात विषाणूचा एनएस-वन बघतात, नंतर अंगात तयार झालेल्या आयजीएम अँटीबॉडी. एलायझाच्या प्लेटला ९६ खळगे असतात, चार नमुन्यांसाठी अख्खी प्लेट लावणं परवडत नाही, मग नमुने साठेपर्यंत थांबतात. तोपर्यंत पेशंट बरा होऊन कामावर तरी जातो नाहीतर मोठ्या दवाखान्यात. म्हणून पेपरात दोन केस आणि तुमच्या गल्लीत प्रत्येक घरात एक झोपलेला, असं होतं. संशयित पण रोजच्या रोज कळवा एवढंच मागतेय मी, गल्लीच्या नावासकट.

जुळेसोलापूरकर
सगळे पालिकेवर आणि डॉक्टरवर ढकलायलेत. लोकांचं काय? झाकण नाही, आठ-आठ दिवस तेच पाणी, गच्चीवर टायर, कूलरमध्ये पाणी तसंच. माझ्या मते ज्याच्या घरात अळ्या सापडतील त्याला जागेवर दंड. दोनदा सापडल्या तर नळ तोडा. बघा कसे सुधारतात.

विडीघरकुलची_लेक
जुळे सोलापूरकर काका, तुमच्याकडं जमिनीखाली टाकी आणि वर सिंटेक्स असेल, मोटर लावली की झालं. आमच्याकडं सहा माणसांत तीन टिपाडं आणि एक हौद. सर्व्हेला आलेल्या माणसानं आमचं अख्खं टिपाड गटारीत ओतलं होतं, दुसऱ्या दिवशी नळ नव्हता, तिसऱ्या दिवशी पण नव्हता. आई शेजारणीकडं घागर घेऊन गेली आणि त्यांनी पण मोजूनच दिली, त्यांचं पण खरं होतं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत सर्व्हेवाले दिसले की बाया दार लावतात. नळ तोडा म्हणणं सोपं आहे.

नोंदीच्या बाजूनंच आहे मी, का ते सांगते. आई चाळीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, तंबाखूची धूळ नाकात, खोकला तर सगळ्याच बायांना. त्यामुळं खोकल्याकडं कुणी खोकला म्हणून बघतच नाही. सात महिने एका दवाखान्यात खोकल्याचं औषध चाललं, दर वेळी दीडशे-दोनशे, हजार विड्या पुऱ्या करून विडी कंपनीच्या ब्रँचवर द्यायच्या, त्यातला छाट म्हणजे नापास विड्या काढल्यावर हातात जे येतं ते तिकडंच. शेवटी थुंकी तपासली तर टीबी. नाव निक्षयला, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलला गेलं तेव्हा औषध फुकट सुरू झालं, खात्यात पैसे आले आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा माझ्या भाचीचं पण निघालं. सात महिने आधी नाव गेलं असतं तर भाचीला टीबी लागलाच नसता कदाचित. आधी विड्यांवर उपकर होता, त्यातनं विडी कामगारांचे दवाखाने आणि पोरांच्या स्कॉलरशिप चालायच्या, २०१७ ला जीएसटी आला आणि उपकर गेला. आता आमच्याकडं जे काही येतं ते नाव नोंदवलं तरच येतं.

पण डेंग्यूत नाव जाऊन मिळतं काय? धूर. धुरानं उडणारे डास मरतात, टिपाडातल्या अळ्या तशाच राहतात, हे शाळेतल्या पोराला पण माहीत आहे.

मागवाला_सत्तरफूट
बघा, हेच म्हणायलो मी. अक्का तुमच्या आईची तब्येत आता कशी हाय?

विडीघरकुलची_लेक
कोर्स पूर्ण झाला दादा. विड्या परत चालू आहेत, दुसरं काम काय करणार.

आशाताई_नागरी
मी आशा म्हणून काम करते, सर्व्हेला जाणारी बाई मीच समजा. पाणी ओतून द्यायला नको होतं, ते चुकलंच. आम्हाला पण घरं पूर्ण करायची घाई असते, एका दिवसात किती दारं वाजवायची त्याला हिशोब नसतो, पण चूक ती चूक.

मला मात्र इथं कुणी बोललं नाही ते सांगायचंय. नळ चार दिवसाआड येतो म्हणजे पाचव्या दिवशी. डासाला आठ दिवस तरी लागतात. म्हणजे टिपाड दर पाळीला खरंच रिकामं झालं आणि घासलं तर डास तयारच होणार नाही, रोज पाणी नसलं तरी. गडबड कुठं होते तर आपण टिपाड पूर्ण वापरतच नाही. नळ आला नाही तर म्हणून तळाला वीतभर ठेवतो आणि नळ आला की त्याच्यावरच भर घालतो. महिना-महिना तळ दिसत नाही. आणि पाणी ओतून दिलं तरी अंडी जात नाहीत, ती पाण्यात नसतातच, पाण्याच्या रेषेच्या जरा वर आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, परत पाणी चढलं की फुटतात. म्हणून काथ्यानं नाहीतर ब्रशनं कड घासायची. जे टिपाड रिकामं होणारच नाही त्यात आम्ही अ‍ॅबेट हे अळ्या मारायचं औषध टाकतो, फडकं बांधायला सांगतो.

पण हे मी कुणाच्या घरी जाऊन सांगू, अडीच हजार लोकांत? ताप कुठल्या बोळात आहे ते मला त्याच दिवशी कळलं तर मी दुसऱ्या दिवशी त्याच्या आजूबाजूची पन्नास घरं करीन, हा डास काही लांब जात नाही. आषाढीला जिल्ह्यात बघा, टँकरन्‌टँकर तपासतात, विहिरीत क्लोरीन टाकतात, पाण्यात क्लोरीन आहे का बघायची ओटी टेस्ट करतात, कारण वारी कुठल्या दिवशी कुठं मुक्कामाला आहे ते आधी माहीत असतं. तापाचा मुक्काम मला कोण सांगणार? मला पेशंटचं नाव पण नको, बोळ सांगा.

मागवाला_सत्तरफूट
ताई बोळ सांगायला माझी ना नाही. नाव नको, दारावर स्टिकर नको, पेपरात गल्लीचा फोटो नको. हे लिहून देणार असतील तर मी स्वतः आमच्या कारखान्यातल्या तापाची वही ठेवीन. पण रोज पाण्याची मागणी मी सोडणार नाही. तीस वर्षांत आमच्या बायांची किती रात्रींची झोप नळाखाली गेली त्याची नोंद कुठल्या फॉर्मात हाय?

जनरल_प्रॅक्टिस
हे मात्र होईल. नाव नको, फक्त भाग आणि वय, तर मोबाइलवर एक ओळ टाकायला मला अर्धं मिनिट लागेल. पण आशाताई, तुम्ही त्या गल्लीत काय केलंत ते मला उलट कळवायचं, ही माझी अट. दंडाला मी अजूनही विरोधच करीन.

लॅबवाली_सोलापूर
दंडाचा मुद्दा मी सोडत नाही डॉक्टर. तुम्ही अर्ध्या मिनिटात कळवाल, माझे मालक नाही कळवणार, त्यांना मी ओळखते. पण टीबीचं पटलं मला. पॉझिटिव्ह आला की त्या घरापुरती तरी त्या आठवड्यात टँकरची एक खेप जास्तीची द्या, म्हणजे टिपाड ओतायला कुणाचा हात अडणार नाही आणि दार पण लागणार नाही. उद्यापासून मी रजिस्टरमध्ये पत्त्याचा वेगळा कॉलम आखणारे, मालकांनी विचारलं तर विचारू दे.

विडीघरकुलची_लेक
आत्ता हे वाचून मधलं टिपाड रिकामं केलं. उरलेलं पाणी हौदात गाळून घेतलं आणि मोबाइलची बॅटरी लावून आत बघितलं. कडेला रेघ आहे, आणि रेघेच्या वर खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके, बोटानं निघत नाहीत. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं टिपाडाचा रंग उडालाय. आशाताई, हीच का ती अंडी? आई काथ्या शोधतीय.