सिबिल सुधारून देणाऱ्या एजंटला ९ हजार द्यावेत का?

नाशिककर:
होम लोनसाठी गेलो तर सिबिल स्कोर (कर्ज कसं फेडलं ते दाखवणारा आकडा) ६४१ निघाला. २०१९ चं बाईकचं लोन पूर्ण फेडलंय, एनओसी (कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र) कपाटात आहे, तरी रिपोर्टला अजून ११ हजार थकीत दिसतायत. एजंट म्हणतो ९ हजार द्या, दोन महिन्यांत ७५० च्या वर नेतो. बिल्डरला टोकन दिलंय हो, काय करू?

साताऱ्याची_ताई:
दादा एक रुपया देऊ नका. तो पण तोच ऑनलाइन डिस्प्युट (रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार) टाकणार जो तुम्ही घरी बसून फुकट टाकू शकता. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या चारही ब्युरोंकडून (कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, आधी चारही काढा, मग डिस्प्युट टाका आणि त्याच दिवशी बँकेला एनओसी जोडून मेल करा कारण बँकेने कन्फर्म केल्याशिवाय ब्युरो आकडा बदलत नाही. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

जुना_मेंबर:
ओटीपी तर त्याला अजिबात देऊ नका. आणि खरंच चुकलेले हप्ते कुणीच पुसू शकत नाही. माझं कार्ड 'सेटल्ड' (म्हणजे कमी रकमेत तडजोड करून मिटवलेलं) दिसत होतं, उरलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घेतलं, मग स्कोर हळूहळू चढला.

नाशिककर:
आत्ता नीट बघितलं, एनओसीवर लोन नंबरचा शेवटचा आकडा ३ आहे, रिपोर्टमध्ये ८!

साताऱ्याची_ताई:
मग दोन्हीचे फोटो मेलला लावा, आजच.