मदत हवी आहे: दारू सुटल्याशिवाय ट्रॉमाची थेरपी सुरूच होत नाही का?

मीनल_ठाणे: धाकटा भाऊ लोकलचा मोटरमन. गाडीखाली माणूस आला, तेव्हापासून पीटीएसडी (धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार). सध्या ड्यूटीवर नाही. झोपेसाठी रोज एक क्वार्टर. बंद केली की भयानक स्वप्नं, तीन-चार दिवसांत परत सुरू. समुपदेशक म्हणतात, आधी सहा महिने दारू बंद, मग बाकीचं. दोन्ही एकत्र होत नाही का?

मनोमन: होतं. सहा महिन्यांची अट जुन्या समजुतीतली आहे. स्वप्नं दाबायला जो पितो, त्याला स्वप्नांवर उपचार न करता सहा महिने कोरडं राहा म्हणणं म्हणजे नापास व्हायला बसवणं.

मात्र दारू थांबवल्यावरचा पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. रोजची सवय एकदम तोडली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम. आधी फिट आली असेल तर भरतीच करा. थायमिन (बी१ जीवनसत्त्व) विचारून घ्या.

मग 'कोप' (इंग्रजीत COPE) ही दोन्हींवर एकत्र उपचाराची पद्धत विचारा: ९० मिनिटांची १२ सत्रं, प्रत्येकात तलफ आणि ट्रॉमा दोन्ही. सुरुवातीला तलफ कशाने उठते ते लिहून काढायचं. मग टाळलेल्या जागांची यादी, भीतीला ० ते १०० गुण. त्याच्या बाबतीत आधी स्टेशनबाहेर उभं राहणं, मग प्लॅटफॉर्म, मग प्रवासी म्हणून लोकल. पुढे ती घटना डोळे मिटून, आत्ता घडतेय अशी सांगायची आणि रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं.

फसतं ते दोन ठिकाणी. भीती शिगेला असताना निघून आलं, की टाळण्याची सवयच पक्की होते. आणि गृहपाठाआधी घोट घेतला, तर मेंदू शिकतो की निभावलं ते दारूने. म्हणून सत्र आणि गृहपाठ सकाळी. संध्याकाळी सोबतीला कोणीतरी हवं. सुरुवातीला तलफ वाढू शकते, तेवढ्यावरून थेरपी सोडू नका. पाय घसरला तर पुढच्या सत्रात तोच विषय.

मीनल_ठाणे: वहिनी चहातून दारू सोडवायची गोळी द्यायची म्हणते.

गोळी_आणि_गप्पा: अजिबात नको! ती बहुधा डायसल्फिरम असते. नकळत दिली आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. त्याच्या संमतीने, तलफेसाठी नाल्ट्रेक्झोन असतं, सहसा दिवसाला ५० मिग्रॅ. आधी लिव्हरची तपासणी, आणि सोबत ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामकं नकोत. स्वप्नांसाठी प्राझोसिन काहींना लागू पडतं. रात्री १ मिग्रॅपासून, उठताना सावकाश, चक्कर येते. झोपेच्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने ठेवणारा डॉक्टर असेल तर बदला. एक व्यसन जाऊन दुसरं येतं.

मनोमन: मीनलताई, थेरपिस्ट निवडताना फोनवरच विचारा: "प्रोलाँग्ड एक्स्पोजर (वर सांगितलेली, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायची थेरपी) शिकला आहात का? रुग्ण अजून थोडी पीत असेल तर घ्याल का?" कोणी सुचत नसेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतून. जीव नकोसा झाल्याचं बोलला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल.