चकलीतला हिंगही लेबलवर हवा
ताई, एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्याकडचा अन्नसुरक्षेचा परवाना असला की चकली अमेरिकेला पाठवता येते का, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यावर नाही भागत. तिथल्या एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषध खात्याकडे, कारखान्याची नोंदणी लागते, तिथला एजंट नेमावा लागतो, माल पोचण्याआधी पूर्वसूचना द्यावी लागते. ही कामं होऊन जातात हो. खरी काळजी लेबलची घ्या. १ जानेवारी २०२३ पासून तीळ तिथे नववा मुख्य अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारा पदार्थ आहे, त्यामुळे तो नावानिशी छापावाच लागतो. आणि हिंग! दादरला घेतलेली डबी उलटी करून वाचली, तर त्यात गव्हाचं पीठ, आणि गहूही त्याच यादीत. चकलीत गहू नाही म्हणून आम्ही तो छापलाच नव्हता. सगळे पाऊच बाद करावे लागले. न्हावाशेवा बंदरात माल धाडण्याआधी घरातली प्रत्येक डबी अशी वाचाच.