उत्तर: विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी एकच विमआरसी

वर दादांनी प्रत्येक मशीनसाठी वेगळी विमआरसी (विम या टेक्स्ट एडिटरची सेटिंगची फाईल) ठेवा म्हणून सांगितलंय, पण मला ते अजिबात पटत नाही ओ. इथं सांगलीत आमच्याकडं लॅबला विंडोज, घरी उबुंटू आणि भावाचं मॅक, तीन फाईली ठेवल्या की एकीत केलेला बदल दुसरीत जायचा राहतोच, म्हणून फाईल एकच ठेवायची, गिटमध्ये (फाईलींतले बदल सांभाळणारं टूल) टाकायची आणि आत विमच्या हॅज() फंक्शननं विचारायचं की बाबा तू कुठल्या सिस्टिमवर आहेस. आता यात मेन गोष्ट क्रमाची आहे. हॅज मध्ये 'युनिक्स' (लिनक्स ज्या कुळातली ती सिस्टिम) विचारलं तर मॅकवर पण हो असंच उत्तर येतं, त्यामुळं मॅकची अट आधी लिहा आणि युनिक्सची नंतर, नाहीतर मॅकवाला भाग कधी चालणारच नाही. आणि विंडोज ओळखायचं नाव 'विन३२' हे ६४ बिट विंडोजवर पण खरंच येतं, त्या आकड्यावर जाऊ नका.

फॉन्टला मात्र अट लागतेच, कारण विंडोज-मॅकवर साईज कोलन आणि एच लावून लिहितात, लिनक्सच्या जीव्हिमला (विमचं वेगळ्या विंडोत उघडणारं रूप) नुसती जागा सोडून. बाकी बऱ्याच ठिकाणी सिस्टिम विचारायचीच गरज नसते, रिपग्रेप (फाईलींत मजकूर शोधणारं टूल) आहे का एवढंच एक्झिक्युटेबल() नं बघा, असेल तर वापरा, विषय संपला.

अजून एक, गिटॲट्रिब्यूट्समध्ये (कुठली फाईल कशी हाताळायची ते गिटला सांगणारी फाईल) विमआरसीला ईओएल एलएफ, म्हणजे ओळीच्या शेवटची खूण लिनक्स पद्धतीची, करून ठेवा, विंडोजचे सीआरएलएफ लाईन एंडिंग लिनक्सवर गेले की विम उघडताच एररची रांग लागते.