वालचंद की जेआरडी?

वेंगुर्लेकर: काल विमानाने चिपी विमानतळावर उतरलो. शेजारच्या काकांनी ठासून सांगितलं, "भारतात विमान आणलं ते टाटांनीच." १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जेआरडी स्वतः विमान चालवत जुहूला आले, मान्य. पण ते पस मॉथ विमान विलायतेत बनलेलं. इथेच विमान बनवायचा कारखाना काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, डिसेंबर १९४० मध्ये, बंगळूरला. १९३९ मध्ये विमानप्रवासात पॉली नावाचा अमेरिकन विमान-व्यावसायिक भेटला, त्याच्याशी गप्पा मारताना हे डोक्यात शिरलं. (आमच्या शेजारच्या सीटवर नेहमी काकाच!) माझ्या मते मोठं काम हे. आयतं विमान उडवणारे पुष्कळ.

देवगडचा हापूस: १९३२ साली पुष्कळ? जुहूच्या मातीच्या धावपट्टीवर पावसाळ्यात पाणी भरायचं, म्हणून टाटा बिऱ्हाड पुण्याला हलवायचे, पण टपाल थांबवलं नाही. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत कंपनी चालवली. तुमच्या वालचंदांनी एप्रिल १९४२ मध्ये वाटा सरकारला विकला. सोळा महिन्यांचा संसार!

वेंगुर्लेकर: हौसेने नाही विकला. जपानी ब्रह्मदेशात घुसले होते, सरकारला कारखाना आपल्या हातात हवा होता. तोवर १९४१ मध्ये हार्लो हे वैमानिक शिकवायचं विमान जोडून उडवलंही होतं. आजची सरकारी विमान कंपनी एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) त्याच मुळावर उभी आहे.

मालवणी माणूस: माका एक कळणा नाय. सिंदिया कंपनीच्या बोटी ह्या वालचंदांच्याच ना? मगे कारखानो आमच्या किनाऱ्यार कित्याक नाय काढल्यान?

वेंगुर्लेकर: अहो, जहाजांची गोदीसुद्धा विशाखापट्टणमला नेली. विमानांसाठी म्हैसूर संस्थानाने जागा दिली, पंचवीस लाख घातले, दिवाण मिर्झा इस्माईल पाठीशी उभे राहिले. शिवसमुद्रमची वीज होती. आपल्याकडे तेव्हा कंदील.

देवगडचा हापूस: म्हणजे पैसे संस्थानाचे, नंतर सरकारचे. आणि वालचंदांना विमान चालवता तरी येत होतं का? भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना जेआरडींचा, १९२९ चा.

वेंगुर्लेकर: होडी बांधणाऱ्या सुताराला कोणी विचारतं का, तुला वल्हवता येतं का म्हणून?

मालवणी माणूस: सुतार नि तांडेल भांडतत, होडी मात्र सावकाराची!